गुरुवारी उघडं असलेलं दुकान

मिस्त्री,

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेराव्याला तुमची शैला म्हणाली, "ताई, बाबांवर तुम्हीच काहीतरी लिहा. घरातल्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढतोय." मी हो म्हटलं, घरी आले, कागद पुढे ओढला आणि पहिल्याच ओळीला अडले. तुमचा जन्म कधीचा, शाळा कितवीपर्यंत, पश्चात कोण कोण, हे सगळं शैला व्यवस्थित लिहील. मला तुमच्याबद्दल लिहायचंच नाहीये, तुम्हाला लिहायचंय. एकदा बिबवेवाडीतल्या तुमच्या दुकानात, चार माणसांसमोर, मी तुमच्यावर आरोप केला होता की आमच्या कंपनीचं गुपित तुम्ही दुसऱ्या कंपनीला दिलंत. तो आरोप खोटा होता. हे मला तुमच्या तेराव्याला कळलं.

कसं कळलं ते सांगते. पण आधी आपलं जुनं भांडण पुरं करू, कारण त्याचा याच्याशी संबंध आहे. तुम्हाला आता घाई नाही, आणि निवृत्त झाल्यापासून मलाही नाही.

आठवतं ना, कंपनीनं मला नव्या इंजिनिअरांसमोर भाषण करायला सांगितलं होतं? विषय होता, गाड्यांवरचं आणि यंत्रांवरचं एवढं संशोधन पुण्याभोवतीच का गोळा झालं. मी मेहनतीनं यादी केली. इंजिनिअरिंगची जुनी कॉलेजं, लष्कराचे कारखाने, मुंबईचं बंदर हाताशी, मोठ्या प्रयोगशाळा, सोसवेल अशी हवा. कौतुकानं ती तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही हातातली पटाशी खाली ठेवलीत, चष्मा नाकावर ओढलात, कागद दोनदा वाचलात आणि परत दिलात.

"समदं बराबर हाय, ताई. पर ह्यात गुरुवार न्हाय."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तिथून पुढे कित्येक वर्षं हा वाद चालला. मी नवनवी कारणं आणायची आणि तुम्ही ऐकून घेऊन शेवटी म्हणायचात, "आन् गुरुवार?"

शैलाची मुलं हे वाचतील, त्यांना गुरुवार कळणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसे, गुरुवारी असे. विजेचा भार वाटला जावा म्हणून तसं ठरलेलं होतं. त्यामुळे त्या पट्ट्यातल्या सगळ्या कंपन्यांचे सगळे इंजिनिअर गुरुवारी रिकामे. घरात मात्र कुणी नाही. बायका किंवा नवरे कामावर, मुलं शाळेत, नातेवाईक आपापल्या हापिसात. सिनेमाला जायलाही सोबत नाही. माझा नवरा बँकेत, त्याला रविवार. लग्नानंतर कित्येक वर्षं आम्ही दोघं एका घरात राहून सुट्टीच्या दिवशी एकमेकांना फक्त डबा भरून देत होतो. अशा माणसांना त्यांच्यासारखीच रिकामी माणसं कुठे भेटणार? तर तुमच्याकडे. तुमचं दुकान शहराच्या या बाजूला, तुमची सुट्टी सोमवारी, आणि गुरुवारी तुमचं दार सताड उघडं.

तुम्ही लोणी काळभोरचे सुतार. वडिलांनी बैलगाड्या केल्या, तुम्ही पॅटर्न करायला लागलात. धातूचा कुठलाही नवा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवायचा, वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा, मग त्यात रस ओतायचा. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. आम्ही डिझाइनवाले कागदावर काय वाटेल ते काढायचो. ते जगात पहिल्यांदा उतरायचं ते तुमच्या सागवानात. चिंचवड, आकुर्डी, भोसरी, जिथे जिथे काही नवीन घाटत होतं, त्यातलं निम्मं तरी तुमच्या त्या पत्र्याच्या शेडमधून गेलं असेल.

आणि एकमेकांच्या उरावर बसलेल्या त्या सगळ्या कंपन्यांची गुपितं एकाच शेडमध्ये शेजारी शेजारी पडलेली! तुम्ही त्यावर उपाय काढला होता. तुमच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, जुन्या साड्या. प्रत्येक कंपनीला एक साडी. आमच्या पॅटर्नवर हिरवी नऊवारी, पलीकडच्यांवर जांभळी, आणखी कुणावर काठ फाटलेली लाल. गुरुवारी सकाळी झाडलोट झाली की तुम्ही सगळ्यांवर साड्या पांघरायचात. दुसऱ्याची साडी उचलायची नाही, हा नियम. मी तिथे आलेल्या कुणाला तो मोडताना पाहिलं नाही. शिकलेली, टाय लावणारी माणसं जांभळ्या साडीला वळसा घालून जायची.

मी पहिल्यांदा आले तेव्हा सगळे गप्प झाले होते, आठवतं? अकोल्याहून आलेली, नवी नवी नोकरीला लागलेली, आणि वर बाई. तुम्ही स्टूल फुंकर मारून साफ केलंत आणि म्हणालात, "बसा ताई. तुटलंय काय तुमचं?" त्या दुकानात तोच नमस्कार होता. स्कूटरच्या पायाशी गोणपाटात गुंडाळून जो तो काहीतरी तुटलेलं घेऊन यायचा. समोरच्या कंपनीतले जोग तर कायम. आमच्या गेटसमोर त्यांचं गेट, आमचा माल ज्याला खपवायचा त्यालाच त्यांचाही. एरवी रस्त्यात दिसले तर मान वळवायची अशी आम्हाला ताकीद. तुमच्या दुकानात ते माझ्याच बाकावर बसायचे. "बाई, चहा निवलाय," म्हणायचे, "पण तुम्ही बोलायला लागलात की आम्हाला कढतच वाटतं." मी वऱ्हाडीत काही बोलले की आठवडाभर माझी नक्कल करायचे. काकू आतून नवा चहा पाठवायच्या आणि जोगांना मुद्दाम शेवटी द्यायच्या.

मला तिथे जितकं शिकायला मिळालं तितकं डिझाइन ऑफिसात नाही मिळालं. कुणी कुणाला रेखाचित्र दाखवत नसे. पण कुणी तडा गेलेला भाग बाकावर ठेवला की बघणाऱ्याचा हात आपोआप त्या तड्यावर फिरायचाच. तुम्ही तर कधीच काही सांगत नव्हतात. फार झालं तर म्हणायचात, "हितं जरा मांस ठेवा," म्हणजे तो भाग जाड करा. ते कुणाच्या फसलेल्या कामावरून शिकून सांगताय, हे कधी विचारायचं नाही.

माझ्या त्या गिअरबॉक्सच्या कवचाचं घ्या. तीनदा ओतलं, तीनदा फाटलं. मधला जाड भाग आणि बाहेरची कड यांना जोडणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्या रिब, प्रत्येक वेळी तिथेच. साहेब दर सोमवारी विचारत, "झालं का?" आणि मी दर सोमवारी लहान होत जात होते. त्या गुरुवारी मी तुमच्याकडे आले तेव्हा रडायची राहिले होते एवढंच. तुम्ही फाटलेला तुकडा उलटसुलट केलात. म्हणालात, "च्या येतोय. तोवर त्या पुलीकडं बगत बसा."

भिंतीवर एक जुनी, पट्ट्यावर चालणारी लोखंडी पुली टांगलेली होती. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गिरणीतली असावी. मी बघत बसले. चहा आला, निवला, आणि मग दिसलं. तिचे आरे सरळ नव्हते, वळवलेले होते. धातू निवताना आकसतो. सरळ आरा दोन्हीकडून ओढला जातो आणि फाटतो. वळवलेला आरा थोडासा सरळ होतो आणि ताण सोसतो. एवढीशी गोष्ट! मी उठले ती चहा तसाच टाकून. चौथं कवच अखंड निघालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात लिहिलं, आमच्या विभागानं स्वतंत्रपणे शोधलेली रचना. मी त्याखाली सही केली. पुलीचा उल्लेख केला नाही, तुमचा तर नाहीच.

वर्षभरानं जोगांच्या कंपनीची नवी गाडी आली. ती उघडून बघायचं काम माझ्याकडेच आलं. कवच काढलं, आत वळवलेल्या रिब. माझ्याच. साहेबांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "हे बाहेर कसं गेलं?" मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. कंपनीबाहेरच्या एकाच माणसाच्या हातात तो पॅटर्न होता. मी तुमचं नाव सांगितलं.

मग मी आले. गुरुवारी नाही, मंगळवारी, कंपनीच्या गाडीतून. तुमच्याकडे ओतकामाच्या फाउंड्रीचे दोघं बसले होते, शैला कॉलेजातून आलेली होती, काकू दारात. मी हिरवी साडी ओढून काढली आणि म्हणाले, "या साड्या कुणाला दाखवायला पांघरता, मिस्त्री? विकायचंच होतं तर झाकायचं कशाला?"

तुम्ही उठून उभे राहिलात. तुमच्या तोंडावर राग आला, मग तो गेला. मला वाटलं होतं तुम्ही शपथा घ्याल, भांडाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "मोजून न्या, म्याडम." तोवर मी ताई होते. गप्प राहिलात म्हणजे कबूल केलंत, असा मी अर्थ लावला. मला तो सोयीचा होता. आमचे सगळे पॅटर्न गाडीत भरून मी निघून गेले. आमच्या कंपनीचं काम तुमच्याकडे पुन्हा कधी आलं नाही. बाकीच्यांपैकी काहींनी ऐकलं आणि तेही बिचकले.

पुढे कंपनीनं आमचा अख्खा संशोधन विभाग दुसऱ्या राज्यात हलवला. कारण दिलं ते गुप्ततेचं. त्या कारणाला दाखला म्हणून माझंच कवच पुढे केलं गेलं. मीही गेले. काय जागा होती, मिस्त्री! माळरानावर भिंत, आत हिरवळ, पाहिजे ते यंत्र, उंची खुर्च्या. रविवारची सुट्टी. संध्याकाळी सहाला कंपनीच्या बसा सगळ्यांना कंपनीच्याच वसाहतीत सोडायच्या. तिथे आमच्या कामातलं कुणी परकं भेटायची सोयच नव्हती. गुपित फुटायचा प्रश्न मिटला. फक्त फुटण्याजोगं काही तयार होईना. पॅटर्न पुण्याहून मागवायचा, तो यायला तीन आठवडे, फाटला की फोटो पाठवायचे, पुन्हा तीन आठवडे. मुलं हुशार होती. पण फाटलेला तुकडा टेबलावर ठेवला की ती संगणकाच्या पडद्याकडे बघायची. तुकड्यावर हात फिरवणारं तिथे कुणी नव्हतं. कॅन्टीनमध्ये बसून मी माझ्या जुन्या यादीतली कारणं मोजायची. कॉलेज होतं, प्रयोगशाळा होती, हवा तर पुण्याहून चांगली होती. मग तोंडातल्या तोंडात तुमच्या आवाजात विचारायची, "आन् गुरुवार?"

चार वर्षांनी विभाग गुपचूप चिंचवडला परत आला. तुम्हाला सांगायला यावंसं फार वाटलं. आले नाही. काकू गेल्याचंही मला उशिरा कळलं, तेव्हाही आले नाही. आपण आपल्यावर झालेल्या अन्यायाला धरून बसलोय अशी समजूत असली की माणूस किती निवांत कोडगं होतं, ते मी स्वतःवरून सांगते.

आता तेराव्याचं. हॉलमध्ये निम्म्या खुर्च्यांवर जुने गुरुवारवाले. केस गेलेले, काठ्या आलेल्या. जोग माझ्याशेजारी येऊन बसले. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी बसल्या जागेवरून तुमच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या त्या वळणदार रिबेनं माझी नोकरी वाचवली होती. तुम्हाला कधी धड धन्यवाद दिले नाहीत."

मी म्हटलं, "आता त्याचं काय, जोग. मिस्त्रींनी तुम्हाला दाखवलं, ते त्यांच्याबरोबर गेलं."

ते माझ्याकडे वळले. "मिस्त्रींनी? अहो, मी त्यांना तीनदा विचारलं. गडी हूं की चूं करेना. तुम्ही सांगितलंत मला."

"मी?"

"मग कोण? आमचं कवच फाटलं होतं, मी तोंड पाडून बसलो होतो. तुम्ही तुकडा हातात घेतलात आणि म्हणालात, अहो जोग, सरळ ठेवली तर फाटणारच ती. मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल घेतलीत आणि फळीवर काढून दाखवलंत. मिस्त्री समोरच होते. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."

मिस्त्री, मला आठवलं. सगळं एकदम आठवलं. नुकतंच कौतुक झालेलं होतं, मी हवेत होते. जोगांचा तो तडा आणि त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला राहवेना. कंपनी, सही, ताकीद, काही म्हणता काही मनात आलं नाही. मी बोलून मोकळी झाले आणि चहाबरोबर विसरूनही गेले. गुरुवारी तिथे सगळेच असं काही ना काही बोलून जात, त्याची कुणी आठवण ठेवत नसे.

मी मंगळवारचं सगळं सांगितलं तेव्हा जोग म्हणाले, "तुमची कंपनी बाहेर गेली म्हणून त्यांचं काम सुटलं, असं मी समजत होतो. मिस्त्रींनी मात्र मला, तुम्ही फळीवर काढलंत त्याच गुरुवारी, बाजूला घेतलं होतं. म्हणाले, ही रिब कुनी दिली ते कुटं बोलू नका. बाईमानसाच्या नोकरीवर यील."

म्हणजे मी मंगळवारी येऊन ओरडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं: ताई, तुम्हीच तर फळीवर काढलंत. कंपनीचा ड्रायव्हर दारात उभा होता, फाउंड्रीचे दोघं ऐकत होते. ते वाक्य संध्याकाळपर्यंत साहेबांच्या टेबलावर पोचलं असतं आणि मी दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. तुम्ही ते गिळलंत. बायकोसमोर, मुलीसमोर.

आपल्या भांडणाचा निकाल आता मला देता येतो. माझी यादी कामाची नव्हती, आणि तुमचा गुरुवारही पुरता खरा नाही, मिस्त्री. आता चिंचवडातल्या कितीतरी कंपन्यांना शनिवार-रविवार असतो, पॅटर्न संगणकावरून छापून निघतात, आणि तरी संशोधनाचं नवं केंद्र उघडायचं म्हटलं की लोक इथेच जागा बघतात. कारण एवढंच आहे की समोरच्याचं फाटलेलं बघून गप्प न बसणारी माणसं इथे एका बाकावर मावतील इतकी जवळ राहतात. ज्याला मी फितुरी म्हणाले, त्याच्यावरच तर हे सगळं उभं राहिलंय. माझी रिब तुमच्या पुलीतून आली आणि माझ्या तोंडून जोगांकडे गेली. तिचा मालक शोधायला निघणं हाच माझा मूर्खपणा.

हे मी शैलाला त्याच दिवशी सांगितलं, हॉलमध्ये, जोगांच्या देखत. ती म्हणाली, "आईला माहीत होतं. ती बाबांशी दोन दिवस बोलली नव्हती. मला तेव्हा कळलं नव्हतं का." मी तिचे हात धरले, तिनं ते सोडवून घेतले नाहीत. याहून जास्त मी तिच्याकडून मागू शकत नाही. माझं चुकलं, मिस्त्री. फार चुकलं. हे तुमच्यासमोर बसून म्हणायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितली नाही. मागच्या दिवाळीत मी तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही पलंगावर होतात, शैला कामावर गेली होती, दुसरं कुणी नव्हतं. मी फराळाचा डबा ठेवला, तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना मला फार उदार वाटलं. मी म्हणाले, "मिस्त्री, झालं गेलं मनात ठेवू नका. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हसलात. आणि म्हणालात, "लई बरं केलंत, ताई. आता बसा, च्या घिऊन जावा."